काळी तीनचं मडकं

मडकं हे वाद्य आहे, हे पार्सल ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून पटवून द्यायची वेळ ज्याच्यावर आली नाही, त्याने आपण आयुष्यात अपमान सोसले असं कृपया कुठे सांगू नये. माझ्यावर ती आली, आणि आली ती माझ्या मामांच्या घशामुळे.

मामा आमच्याकडेच राहतात, मागच्या खोलीत. माझे सख्खे मामा, पण आमच्या भागातला लहानमोठा कोणीही त्यांना मामाच म्हणतो. कीर्तनकार. मी कळत्या वयापासून त्यांच्या मागे झांज धरून उभा राहिलेला माणूस आहे. देव मला जो काही थोडाफार समजला, तो मामांच्या पाठीमागून समजला. त्यामुळे माझ्या मनातल्या देवाला अजूनही खांद्यावर उपरणं आणि घामाने भिजलेली पाठ आहे. पुढून तो कसा दिसतो, हे श्रोत्यांना विचारावं.

मामांचा सूर काळी तीन. पेटीतलं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पुरुषमाणसाने काळी तीनला गाणं म्हणजे शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून, टाचा उंचावून छतावरचा दिवा बदलणं. तरुणपणी जमतं. मामांना सत्तरी उलटेपर्यंत जमलं. मग गेल्या वर्षी एका कीर्तनात, आख्यान ऐन रंगात आलेलं असताना, वरच्या षड्जावर जाता जाता त्यांचा आवाज फाटला. सभागृहात कोणी हसलं नाही, कोणी खोकलंसुद्धा नाही, आणि तेच फार वाईट झालं. मामांनी उरलेलं आख्यान नुसतं बोलून पुरं केलं, उपरण्याची घडी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "घसा बसलाय."

तो घसा वर्षभर बसूनच राहिला. डॉक्टरांनी बॅटरी लावून आत पाहिलं आणि घसा उत्तम आहे, फक्त वय झालंय असं सांगितलं. यावर उपाय काय, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सूर खाली घ्यायचा, बस. पण हे मामांना सांगायचं कोणी? आमच्या हिने एकदा धीर केला. वाढता वाढता म्हणाली, "मामा, जरा खालच्या पट्टीत गाऊन बघा ना." मामा ताटावरून उठले. संध्याकाळीही जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचे पेटीवाले भेटायला आले, त्यांना ही हकिगत कळली, तेव्हा ते हिच्याकडे असं बघू लागले की जणू हिने मामांना दाढी-मिशा काढून नऊवारी नेसायला सांगितलं होतं.

हे पेटीवाले एक निराळंच प्रकरण आहे. मामांबरोबर उभी हयात पेटीवर बसलेला माणूस. सुराच्या बाबतीत त्यांनी सख्ख्या भावालाही माफ केलेलं नाही. भाऊ दारावर येऊन हाक मारतो ती बेसूर असते म्हणून ते दार उशिरा उघडतात. त्यांचं म्हणणं एकच, "मामा म्हणजे काळी तीन. खाली उतरायचं असेल तर मग कीर्तन कशाला, पोथी वाचावी."

तर मामा पोथीही वाचेनात. खिडकीशी बसून असत. पूर्वी आंघोळीला गेले की बाहेरच्यांना पूर्वरंग फुकट ऐकायला मिळायचा. आता नुसता तांब्याचा आवाज यायचा. घरात एखादं माणूस कमी बोलायला लागलं की बाकीचे उगाचच मोठ्याने बोलू लागतात, तसं आमचं झालं होतं.

एकदा जेवताना मी सहज विचारलं, "मामा, तुमचं काही करायचं राहिलं असं आहे का हो कीर्तनातलं?"

मामा बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "घट. तरुणपणी एका दाक्षिणात्य मैफलीत ऐकला होता. मातीचं मडकं, पण काय बोलत होतं. मनात होतं की एकदा त्याच्या साथीने आख्यान लावावं. राहून गेलं."

"आणि घट आला तर बसाल?"

"आला तर बसेन," मामा म्हणाले, आणि निर्धास्तपणे ताकाचं भांडं उचललं. भाचा कुठलंही काम तडीस नेत नाही, यावर मामांची देवाच्या खालोखाल श्रद्धा आहे.

माझा स्वाभिमान अशा वेळी नको तितका जागा होतो.

आमच्या ऑफिसात अकाउंटंट आहेत, ते मूळचे दक्षिणेकडच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या घरातले. गेली कित्येक वर्षं मी त्यांच्याकडे फक्त प्रवासभत्त्याची बिलं घेऊन जात होतो. हा माणूस घरी मृदंगम् आणि घटम् वाजवतो, हे मला उडत उडत माहीत होतं, पण बिलं पास होण्याशी त्याचा संबंध नसल्यामुळे मी कधी खोलात शिरलो नव्हतो. आता शिरलो. त्यांना एवढा आनंद झाला की मधल्या सुट्टीत त्यांनी मला अख्खं दाक्षिणात्य वाद्यशास्त्र ऐकवलं. मृदंगाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी भिजवलेल्या रव्याचा गोळा थापतात आणि मैफल संपली की खरवडून काढतात. कंजिरा म्हणजे डफलीची धाकटी बहीण. तिला पाण्याचा हात लावला की आवाज खाली येतो. मोर्सिंग दातांत धरून वाजवतात, त्यामुळे वाजवणाऱ्याला बोलता येत नाही आणि म्हणून घरात ते वाद्य सगळ्यांना आवडतं. हे सगळं त्यांनी हिशेब सांगावा तशा आवाजात सांगितलं.

"आणि घटम्?" मी म्हणालो.

"घटम् सगळ्यांत हट्टी," ते म्हणाले. "तंबोरा लावता येतो. मृदंग ठोकून चढवता-उतरवता येतो. घटम् भट्टीतून जो सूर घेऊन बाहेर येतो, तो मरेपर्यंत तोच. माझ्याकडे आहे एक, पण ते काळी एकचं आहे, खालच्या सुराचं. तुमच्या मामांचा सूर कोणता?"

"काळी तीन," मी मान ताठ करून म्हणालो.

अकाउंटंटांनी चष्मा काढला. "कितव्या वर्षी?"

"काळी तीन," मी पुन्हा म्हणालो. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होता.

"मग माझं चालणार नाही. नवं मागवावं लागेल."

त्यांनी त्यांच्या ओळखीच्या कुंभाराला फोन लावला. घटम् करणारे कुंभार वेगळेच असतात म्हणे. मातीत लोखंडाचा कीस मिसळतात, भिंती जाड ठेवतात, आणि भट्टीतून काढल्यावर एकेकाला टिचकी मारून ऐकतात. जमलं ते वाद्य, नाही जमलं ते पाण्याला. कुंभाराचं म्हणणं पडलं की काळी तीनचं नशिबाने एक तयार आहे, पाठवतो.

आता पार्सल ऑफिस.

खिडकीमागचे कारकून सभ्य होते. त्यांनी खोकं उघडून तपासायला घेतलं, कारण एका कोपऱ्याला ते दबलं होतं. पेंढा बाजूला केला, आत पाहिलं, मग कागद पाहिला, मग मला पाहिलं.

"कागदावर 'वाद्य' लिहिलंय," ते म्हणाले.

"हो. वाद्यच आहे."

"ह्याला तार कुठे आहे?"

"तार नसते."

"कातडं?"

"कातडंही नसतं."

"फुंकायचं असतं का?"

"नाही."

"मग हे मडकं झालं," ते म्हणाले. त्यांच्या जागी मी असतो तर माझाही निर्णय हाच झाला असता, हे मी आज शांतपणे कबूल करतो. पण त्या वेळी मी वाद घातला. त्यावर ते म्हणाले की वर्णन आणि माल जुळत नसेल तर पार्सल परत जातं. मात्र हे वाद्य असेल तर वाजवून दाखवायला माझी काही हरकत नसावी.

घटम् कसं धरतात, हे अकाउंटंटांनी मला तोंडी सांगितलं होतं. मांडी घालून बसायचं, मडक्याचं तोंड पोटाला लावायचं, आणि हातांनी, बोटांनी, नखांनी वाजवायचं. मी पार्सल ऑफिसच्या बाकावर मांडी घातली. पोटाला मडकं लावलं. झांजेचा जो एकमेव ठेका मला येतो तो वाजवायला सुरुवात केली. रांगेतल्या एका बाईंनी आपल्या मुलीला माझ्यापासून जरा लांब ओढून घेतलं. आतले साहेब बाहेर आले, कमरेवर हात ठेवून त्यांनी ऐकलं आणि कारकुनाला विचारलं, "हे काय चाललंय?"

"वाद्य आहे का ते ठरवतोय, साहेब."

साहेबांनी आणखी थोडं ऐकलं. "वाद्य असेल," ते म्हणाले. "वादक नाहीये. देऊन टाका."

मडकं घेऊन मी घरी आलो. मामांनी खोलीच्या दारातून पाहिलं, पुढे आले, आणि एका बोटाने त्याच्या कुशीला हळूच टिचकी मारली. मडकं वाजलं. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी तांब्याच्या आवाजाखालून एक बारीकशी गुणगुण ऐकू आली. आमची ही भाजी चिरता चिरता थांबली. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता ऐकत राहिलो.

पेटीवाल्यांना निरोप गेला. त्यांनी सभागृह ठरवलं, तारीख ठरवली, दारावरच्या फळ्यावर स्वतः खडूने लिहून आले. मामा पुन्हा उभे राहणार, घटाच्या साथीने. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि सुरळीत चाललेल्या गोष्टीत भाग घेतल्याशिवाय आमच्या खालच्या मजल्यावरच्या इंजिनिअरांना करमत नाही.

इंजिनिअर पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले आहेत. पाणी, भांडी, नळ, गळती या विषयांवर त्यांचा शब्द आमच्या इमारतीत अखेरचा. ते वर आले, मडक्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "भिजवलंत का?"

"भिजवायचं असतं?"

"नवं मातीचं भांडं भिजवल्याशिवाय वापरतं का कोणी? बारीक छिद्रांत हवा अडकलेली असते. ती निघाली नाही तर ऐन वेळी तडकेल. एक दिवस भरून ठेवा. मग मंद आचेवर गरम करा. पक्कं होईल, जन्माचं."

"अहो, आधी त्या अकाउंटंटना विचारा," ही म्हणाली.

"घरातल्या भांड्याकुंड्यांच्या गोष्टी ऑफिसात कशाला न्यायच्या?" मी म्हणालो. मनातलं खरं असं होतं की पार्सल ऑफिसातला प्रसंग अकाउंटंटांनी अजून दोनदा तरी माझ्याकडून ऐकायला मागितला असता, आणि मला तो पुन्हा सांगायचा नव्हता.

मी मडकं भिजवलं. एक दिवस ते मोरीत पाण्याने भरून विचार करत बसलं. मग मी त्याला गॅसवर ठेवलं, आच अगदी बारीक केली आणि बाजूला स्टूल घेऊन बसलो. इंजिनिअर देखरेखीला होतेच. "रंग बघा कसा येतोय," ते म्हणाले. आणि तेवढ्यात मडकं बोललं. एकदाच. गोल, स्वच्छ आवाज आला आणि गळ्यापासून बुडापर्यंत एक रेघ गेली.

मागच्या खोलीतून मामांचा आवाज आला, "काय फुटलं?"

"काही नाही मामा, बरणी."

"बरणी काळी तीनमध्ये फुटत नाही," मामा म्हणाले.

इंजिनिअरांना घरी काहीतरी आठवलं. जाता जाता ते म्हणाले की माती कमअस्सल होती, आणि तक्रार करायची असेल तर ते स्वतः मसुदा करून देतील.

मी मामांच्या खोलीत गेलो. वाटलं होतं, सुटल्यासारखे दिसतील. त्यांनीच तर अट घातली होती की घट आला तरच. आता तो राहिला नाही, आपसूक सुटका. "मग राहिलं तर," असं ते म्हणालेसुद्धा. पण म्हणताना त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि उपरण्याची जी घडी पलंगावर काढून ठेवली होती, ती उचलून मांडीवर घेतली. नुसती धरून बसले. मला वाटतं, माणूस हरल्यावर इतका वाईट दिसत नाही, जितका पुन्हा उभं राहायचं ठरवल्यावर खाली बसताना दिसतो.

दुसऱ्या दिवशी अकाउंटंटांसमोर मी सगळं ओकलो. भिजवण्यापाशी त्यांनी डोळे मिटले. गॅसपाशी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "कुंभाराला दुसरं करायला सांगतो. पण भट्टीतून काळी तीन कधी निघेल, त्याचा भरवसा नाही. तुमच्या तारखेपर्यंत नक्कीच नाही."

"मग?"

"माझं घेऊन येतो. काळी एकचं."

मी होकार दिला, मामांना दुसरा घट येतोय एवढंच सांगितलं, आणि ही पट्टीची भानगड कोणालाही सांगायची नाही असं ठरवलं. माझा विचार असा होता की सुरातला फरक कळणारे लोक फार थोडे असतात. तो विचार बरोबरच होता. फक्त असे जे थोडे लोक आहेत ते त्या दिवशी व्यासपीठावरच बसणार होते, एवढं माझ्या ध्यानात आलं नाही.

कीर्तनाच्या दिवशी सभागृह भरलं. वर्षभर कुठे कुठे गेलेले चेहरे परत आले होते. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका आपल्या नेहमीच्या जागांवरून भांडत होत्या, ते ऐकून मला बरं वाटलं. मामा आत आले. उपरणं खांद्यावर होतं, पण हात उपरण्याच्या टोकाला घट्ट धरून होता. मी मागे झांज घेऊन उभा राहिलो. पेटीवाल्यांनी भाता हलवला आणि काळी तीन दिली. अकाउंटंटांनी सतरंजीवर मांडी घातली, सदऱ्याची बटणं सोडून मडकं पोटाशी घेतलं आणि पहिला हात मारला.

हात सुरेख होता. पण पेटी एका गल्लीत आणि मडकं दुसरीत.

पेटीवाल्यांनी भाता थांबवला. त्यांनी अकाउंटंटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी झांजेची दोरी नीट करू लागलो.

"हे काळी एकचं आहे," पेटीवाले खालच्या आवाजात म्हणाले. माणसं ज्या आवाजात 'ह्याला खूप ताप आहे' असं सांगतात, त्या आवाजात.

मामा अकाउंटंटांकडे वळले. "तुमचं वाद्य वर चढेल का?"

"नाही."

"ठोकून? गरम करून?"

"गरम करून," अकाउंटंट म्हणाले आणि क्षणभर माझ्याकडे पाहून थांबले, "नाही. माती चिकटवली तर किंचित उतरतं. चढत नाही. भट्टीतच ठरतं ते."

पेटीवाले पुढे झुकले. "मामा, मडकं बाजूला ठेवू. मी एकटा पुरतो. आपण नेहमीसारखं, काळी तीन."

समोर सगळे बघत होते. काही जणांना वाटलं असेल की प्रार्थना चाललीय. मी मामांच्या पाठीकडे बघत होतो. ती पाठ मला वाचता येते. काळी तीन हा शब्द ऐकताच ती थोडी आखडली. मागच्या वर्षीचा तो वरचा षड्ज त्या पाठीत अजून तसाच रुतून होता. मला वाटलं, आता मामा हात जोडतील, घसा बसलाय म्हणतील आणि उतरून जातील. आणि हा उतरलेला माणूस पुन्हा कधीही चढणार नाही. मी देवाला म्हणालो, मडकं माझ्या हातून फुटलं, शिक्षा मला कर.

मामा पेटीवाल्यांना म्हणाले, "पाहुणे पहिल्यांदाच साथीला आलेत. त्यांना सतरंजीवरून उठवायचं?"

"मामा, पण…"

"घट हलत नाही म्हणतात. मग आपल्याला हलायला पाहिजे. काळी एक द्या."

पेटीवाल्यांचा हात पट्टीवर होता, तो उचलला जाईना. माणसाला स्वतःच्या घराचा पत्ता बदलून लिहायला सांगावा, तसा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी मान खाली घातली आणि काळी एक दिली.

मामांनी डोळे मिटले आणि नमन सुरू केलं.

पहिल्या ओळीला माझी झांज चुकली, कारण तो आवाज कोणाचा आहे हे मला कळेना. मामांचा जो आवाज आम्ही जन्मभर ऐकला तो धारेचा होता, वरून कोसळणारा. हा खालून येत होता, रुंद, सावकाश, विहिरीत वाकून हाक मारल्यावर विहिरीने परत द्यावा तसा. आमची समजूत होती की मामांचा आवाज गेला. तो फक्त राहायला खाली आला होता, आणि आम्ही वर्षभर वरच्या मजल्यावर दार ठोठावत होतो.

अकाउंटंटांनी मडक्यातून काय काय काढलं ते मला सांगता येणार नाही. वनात पावलं वाजत होती, रथ चालत होता, आख्यानातली आई दार उघडत होती, ते सगळं मडकंच करत होतं. उत्तररंगात मामा वरच्या षड्जाकडे निघाले तेव्हा पेटीवाल्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मामा तिथे पोचले. उभे राहिले. हवा तितका वेळ राहिले, आणि मग आपण होऊन खाली आले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी पदराने चष्मा पुसायला लागली आणि पुसतच राहिली.

शेवटी मामा लोकांना म्हणाले, "आज जरा खालून गावं लागलं. साथीचं वाद्य तसं होतं, त्यामुळे नाइलाज झाला."

"हो, हो, नाइलाजच," असं सगळं सभागृह म्हणालं.

तेव्हापासून मामांची कीर्तनं पुन्हा सुरू झाली. प्रत्येक वेळी अकाउंटंट आपलं मडकं घेऊन येत, आणि प्रत्येक वेळी शेवटी मामा नाइलाज झाल्याचं सांगत. आमच्या मोरीतून रोज सकाळी काळी एक ऐकू येई. मामा जेवताना पुन्हा जास्त बोलू लागले, हिच्या आमटीला नावं ठेवू लागले. घर अगदी पहिल्यासारखं झालं.

आणि मग दुसरं मडकं आलं.

कुंभाराला नको म्हणून कळवायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. पार्सल या वेळी घरपोच आलं, कारण पार्सल ऑफिसला मी पुन्हा तिथे यायला नको होतो. नेमकी त्या वेळी आमच्याकडे तालीम बसली होती. मामा, पेटीवाले, अकाउंटंट, आणि बोलावलं नसताना इंजिनिअर. मी पेंढ्यातून मडकं बाहेर काढलं. गोल, काळपट, देखणं. एखादं काम माझ्या हातून शेवटाला गेल्याचा तो आयुष्यातला पहिलाच क्षण होता, त्यामुळे मी जरा मोठ्यानेच म्हणालो, "मामा, आलं. काळी तीनचं. आता नाइलाज संपला. पुन्हा आपलं काळी तीनला."

स्वयंपाकघराच्या दारात ही उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठे मी काय केलंय ते मला समजलं. मामा मडक्याकडे बघत होते. चेहरा तसाच होता, फक्त हात उपरण्याच्या टोकाशी गेला होता.

"वाजवून तर बघा," इंजिनिअर म्हणाले.

अकाउंटंटांनी नाइलाजाने मडकं जवळ घेतलं आणि एक टिचकी मारली. देवळातल्या घंटेसारखं ते वाजलं. पेटीवाल्यांचा हात सवयीने पेटीवर गेला आणि त्यांनी काळी तीनची पट्टी दाबली. दोन्ही आवाज एकमेकांत असे विरघळले की पेटी कुठे थांबली आणि मडकं कुठे वाजत राहिलं, ते कळेना. इतकं शुद्ध जुळलेलं मी उभ्या आयुष्यात ऐकलेलं नाही.

पेटीवाल्यांनी भाता बंद केला.

"नाही," ते म्हणाले. "जमत नाही. उतरलंय."

अकाउंटंटांनी मान वर केली. मग मडक्याकडे बघत, ताळेबंदावर सही करावी इतक्या गंभीरपणे म्हणाले, "हो. बरंच उतरलंय."

"मला तर दोन्ही एकच वाटलं," इंजिनिअर म्हणाले.

"तुम्हाला सुरातलं काय कळतं?" मी म्हणालो. त्यांना असं बोलायचं धाडस मला त्याआधी कधी झालं नव्हतं.

मामांनी हात पुढे केला आणि स्वतः एक टिचकी मारली. आवाज पूर्ण विरेपर्यंत मान कलती करून ऐकत राहिले. मग पेटीवाल्यांकडे बघितलं, बराच वेळ. पेटीवाले सदऱ्याच्या टोकाने पेटीच्या पट्ट्या एकेक करून पुसत होते.

"भट्टीत गेलं असेल," मामा म्हणाले. "होतं असं कधी कधी." आणि उपरणं सोडून त्यांनी मांडी नीट घातली. "द्या, काळी एक द्या."

पेटीवाल्यांनी काळी एक दिली. मी ते नवं मडकं उचललं, आणि दाराला, कपाटाला कुठेही लागून वाजू नये म्हणून पोटाशी घट्ट दाबून धरत, हळूहळू आत घेऊन गेलो.